खोलीत मावेल एवढा तंबोरा

आजचा भाग एका फोनमुळे सुचला.

माझी भाची मूळची बेळगावची. नोकरीसाठी बंगळुरूला आली आणि व्हाइटफील्डजवळ एका पीजीत राहते. खोलीत दोन कॉट, दोन कपाटं आणि मधे चालायला जेमतेम जागा. तिचा तंबोरा बेळगावच्या घरी गवसणीत, माजघराच्या कोपऱ्यात उभा आहे. विशारदच्या परीक्षेची तयारी अर्धवट राहिलेली. गेल्या पावसाळ्यात तिनं फोनवर विचारलं, "मामा, गाण्यासाठी छोटासा टॅबलेट घ्यायचाय. कुठला घेऊ?" मी म्हटलं, बघून सांगतो. रात्री ताईचा, म्हणजे तिच्या आईचा, फोन. "अरे, ती गाणं सोडायचं म्हणतेय. म्हणते, मी बेसूर झालेय, आणि फोनवर तसं दिसतंसुद्धा. टॅबलेट हा तिचा शेवटचा उपाय आहे."

फोनवर दिसतं म्हणजे काय, हे मला कळेना. मी जन्मभर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम केलंय, गाण्यात मात्र चांगला श्रोता एवढीच माझी पात्रता. रविवारी तिला भेटलो. तिनं फोनवर एक ट्यूनर लावला. गिटारवाले तारा जुळवायला वापरतात, तसला. काळी पाचचा षड्ज लावला, तर सुई बरोबर मधे. पंचम लावला, जवळजवळ मधे. यमनचा गांधार लावला आणि सुई डावीकडे सरकली: चौदा शतांश उतरलेला. निषादही तसाच, बारा शतांश खाली. "बघा ना मामा, रोज इथंच येतो. कितीही चढवायचा प्रयत्न केला तरी कानाला चुकीचं वाटतं आणि मी परत खाली येते."

मी हसलो, आणि ती रागावली. पण मला हसू आलं ते तो १४ चा आकडा ओळखीचा होता म्हणून. बंगळुरूच्या टॅबलेटची गोष्ट सांगायची तर तो आकडा कुठून आला ते आधी सांगायला हवं, आणि त्यासाठी मिरजेला जावं लागेल. इथून राणी चन्नम्मा एक्सप्रेस मिरजेला जाते, तेव्हा अंतर काही फार नाही.

मिरजेत तंतुवाद्यं बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. इंग्रजी अमलात तलवारींचं काम आटलं. १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी सतारी-तंबोरे दुरुस्त करता करता ते बनवायला सुरुवात केली, आणि पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पुढे आडनावच सतारमेकर झालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे कडू भोपळे वाळवून तुंबा, तून लाकडाची दांडी, वर खुंट्या आणि खाली घोडी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हत्यारांचं गिऱ्हाईक गेल्यावर ज्यांनी वाद्याचा धंदा धरला, त्यांच्याच पुढे आता वाद्याचं गिऱ्हाईक टिकवायचा प्रश्न आहे. माझ्या भाचीसारखी माणसं टॅबलेट शोधतात तेव्हा तो प्रश्न आणखी टोकदार होतो, हे मी विसरलेलो नाही.

तंबोऱ्याची सगळी जादू त्या घोडीत. तिचा माथा चपटा आणि किंचित उताराचा असतो. तार तिच्यावर एका टोकाला न टेकता पृष्ठभागाला घासत राहते. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवला की एका जागी तार एकदम बोलायला लागते. तीच जवारी. युरोपातल्या विज्ञानाचा नियम होता की तार ज्या बिंदूवर छेडली, तिथं ज्या उपस्वरांची गाठ पडते ते उपस्वर उमटणारच नाहीत. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये, कलकत्त्यात असताना, दाखवून दिलं की तंबोरा आणि वीणा हा नियम सरळ मोडतात. कुठंही छेडा, सगळे उपस्वर हजर. पुढे १९३३ मध्ये रामन इथल्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून बंगळुरूला आले ते कायमचे.

या उपस्वरांतला पाचवा म्हणजे गांधार. खर्जाची तार छेडली की न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपल्याकडे स्वयंभू गांधार म्हणतात. आता हिशेब बघा. सप्तकाचे १२०० समान भाग पाडले, तर या गांधाराची जागा येते ३८६ वर. पियानोत, गिटारमध्ये आणि आजच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यामुळे तिथला गांधार ४०० वर. फरक १४. निषाद १०८८ ऐवजी ११००, फरक १२. पंचमात फक्त २, म्हणून सुई तिथं हलली नाही.

भाची बेसूर नव्हतीच. बेळगावच्या तंबोऱ्यानं लहानपणापासून तिच्या कानात जो गांधार घातला, तोच ती लावत होती. फोनमधली सुई युरोपच्या पट्टीनं मोजत होती.

हे भांडण काही नवं नाही. मिरजेशेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे डेप्युटी कलेक्टर होते. मिरजेलाच स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर घेऊन त्यांनी श्रुतींची मोजमापं केली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तिका छापली. ई. क्लेमेंट्स हे इंग्रज सनदी अधिकारीही त्यांच्या बाजूनं उभे राहिले, आणि त्या हिशेबानं श्रुतीची पेटी बनवून घेण्याचा खटाटोप झाला. बावीस श्रुतींचा त्यांचा तक्ता सगळ्यांना पटला असं नाही, आणि मलाही गाणारा माणूस तक्ता बघून गातो असं वाटत नाही. पण पेटीचा गांधार आणि तंबोऱ्याचा गांधार वेगळे, हे त्यांनी आकड्यांत मांडलं. पुढे मार्च १९४० पासून आकाशवाणीनं पेटीवर बंदीच घातली, ती सुमारे तीन दशकं टिकली. आक्षेप दोन: तिची पट्टी परकी, आणि तिला मींड घेता येत नाही. महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी त्याच पेटीवर काय करून दाखवलं होतं, ते बंदी घालणाऱ्यांनी ऐकलं नसावं. असो.

आता बंगळुरू. जी. राज नारायण इथले इंजिनिअर, हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये काम केलेले आणि बासरी वाजवणारे. दक्षिणेत गायकामागे तंबुरा असतो, तशी भात्याची श्रुतिपेटीही पूर्वापार असते. आधाराचा स्वर यंत्रानं दिला तर तिथं कुणाचा धर्म बुडत नव्हता. १९७९ मध्ये राज नारायण यांनी मद्रासच्या म्युझिक अकादमीच्या वार्षिक परिषदेत आपली इलेक्ट्रॉनिक पेटी मांडली. नाव 'सारंग'. जगातला पहिला इलेक्ट्रॉनिक तानपुरा म्हणून तिचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. रॅडेल ही त्यांची कंपनी, आणि 'तालमाला' हा इलेक्ट्रॉनिक तबलाही तिचाच.

हे इथंच का घडलं? माझं मत असं. १९४० मध्ये विमान कारखाना, ४८ मध्ये टेलिफोन कारखाना, ५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स, असे सरकारी उद्योग एका शहरात एकत्र आले. साठच्या दशकात भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ट्रान्झिस्टर बनायला लागले. सुटे भाग, ते जोडणारे हात आणि संध्याकाळी कचेरीतून येऊन वीणा किंवा बासरी घेऊन बसणारा इंजिनिअर, या तिन्ही गोष्टी एकाच गल्लीत सापडतील असं दुसरं शहर त्या काळी भारतात नव्हतं. मल्लेश्वरम, बसवनगुडीत अशी घरं मी स्वतः पाहिलीत.

त्या पहिल्या पेट्या बोजड होत्या. अ‍ॅनलॉग ऑसिलेटरचा स्वर तापमानानुसार सरकतो, हा त्या तंत्राचा स्वभावच. माझ्या ओळखीच्या एका गायिकेकडे जुनी पेटी होती, कुणाची ते महत्त्वाचं नाही. ती रियाजाच्या आधी अर्धा तास सुरू करून ठेवायची. "आधी तिला गरम होऊ दे, मग मी होते," म्हणायची. पुढे चिप आल्या, आवाज खऱ्या तंबोऱ्याचा नमुना घेऊन साठवता येऊ लागला, पेटी ट्रान्झिस्टर रेडिओएवढी झाली. मग ती महाराष्ट्रातही पसरली. रॅडेल, रागिणी ही नावं आमच्या पिढीच्या गाणाऱ्यांच्या घराघरांत असायची. सुरुवातीला मैफलीत गायक ती पेटी खऱ्या तंबोऱ्यांच्या मागं, उपरण्याखाली ठेवत. हळूहळू उपरणं गेलं.

लोकांनी ती का घेतली, याचं उत्तर सोपं आहे. मुंबईच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत साडेचार-पाच फुटांचा तंबोरा ठेवायचा कुठं? लोकलमध्ये न्यायचा कसा? आणि तंबोऱ्यावर बसायला शिष्य आणायचा कुठून? पेटीनं तिन्ही अडचणी सोडवल्या. गेलं काय तर एक गोष्ट, आणि माझ्या मते तीच मोठी होती. तंबोरा जुळवावा लागतो. खुंट्या पिळायच्या, मणी सरकवायचे, दोरा बघायचा. त्या पंधरा-वीस मिनिटांत कान तयार होतो. पेटीत बटण दाबलं की स्वर तयार. दोन पिढ्या अशा तयार झाल्या ज्यांचा गळा सुरेल आहे, पण तंबोरा जुळवायला सांगितला तर हात थबकतो. भाचीला तंबोरा जुळवता येत होता, पण वर्ष-दीड वर्षात ती फक्त सुईकडं बघायला लागली होती.

टॅबलेटच्या बाबतीतही बंगळुरूनं आधी एक उडी मारली होती, तीही सांगतो. २००१ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतल्या चार प्राध्यापकांनी आणि विनय देशपांडे यांच्या एन्कोर सॉफ्टवेअरनं मिळून सिंप्यूटर जाहीर केला. हातात मावणारा संगणक, लिनक्सवर चालणारा, काडीनं पडद्यावर टोचून वापरायचा, भारतीय भाषा बोलून दाखवणारा. किंमत नऊ हजारांच्या आसपास ठेवायचा मानस. २००४ मध्ये 'अमिडा' या नावानं तो बाजारात आला, आणि बनवला कुणी, तर त्याच भारत इलेक्ट्रॉनिक्सनं. हात हलवला की त्याला ते कळायचं, तसला संवेदक त्यात होता. आयफोन यायला अजून तीन वर्षं होती. पण खप अपेक्षेच्या मानानं फारच थोडा झाला. खेड्यातल्या माणसासाठी तो महाग होता, शहरातल्या माणसाला मोबाइल स्वस्त होत चालला होता. मला तो प्रयोग फसला म्हणवत नाही, पण त्यावर तंबोरा वाजायच्या आतच त्याचा काळ संपला.

मग एप्रिल २०१० मध्ये आयपॅड विक्रीला आला. त्याच वर्षाच्या नाताळात गोरिलाझ या इंग्लिश चमूनं बहुतांश आयपॅडवर दौऱ्यात केलेला अख्खा अल्बम प्रसिद्ध केला. २०११ च्या मार्चमध्ये गॅरेजबँड आलं, पाच डॉलरच्या आत. नोव्हेंबर २०१२ मध्ये आयपॅड मिनी आला: पडदा ७.९ इंच, वजन ३०८ ग्रॅम. मराठी पंचांगाएवढा. आणि आपल्या कामाचं म्हणाल तर प्रसाद उपासनी यांचं आयतबलाप्रो. दोन तंबोरे, तबला, सूरपेटी, स्वरमंडल, सगळं एका पडद्यावर. रॅडेलच्या दोन पेट्यांचं काम एका पाटीत आलं.

इथं एक गंमत बघा. पेटीवरचा जुना आक्षेप मींडीचा होता. काचेच्या पडद्यावर बोट सरकवता येतं. जिओश्रेडसारख्या अ‍ॅपमध्ये बोट घसरलं की स्वरही घसरतो, आणि महेश राघवन यांच्यासारखे वादक त्यावर कर्नाटक संगीत गमकांसकट वाजवतात. म्हणजे टॅबलेट या एका बाबतीत पेटीपेक्षा वीणेच्या जवळचा आहे. फक्त तार बोटाला उलट ताण देते, काच देत नाही. त्यामुळे किती ओढलं ते बोटाला कळत नाही, सगळा भार कानावर.

आता भाचीचा टॅबलेट. मी तिला विचारलं, तू त्यावर स्वर वाजवणार आहेस की फक्त त्याच्याबरोबर गाणार आहेस? कारण सगळं त्यावर ठरतं. बोट टेकल्यापासून आवाज येईपर्यंत वेळ जातो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तबलजी साडेतीन मीटरवर बसल्यासारखा, चालून जातं. सुरुवातीच्या अँड्रॉइड यंत्रांत हा उशीर शंभरच्याही वर असायचा, म्हणजे तबलजी मांडवाबाहेर. अ‍ॅपलनं याकडं पहिल्यापासून लक्ष दिलं, म्हणून संगीताची अ‍ॅप तिकडं आधी गेली. अँड्रॉइडनं २०१७ च्या आठव्या आवृत्तीत आवाजासाठी वेगळा, जलद मार्ग दिला, पण स्वस्त यंत्रात तो नीट चालेलच असं नाही. ब्लूटूथचा हेडफोन लावला की पुन्हा शंभर-दोनशे मिलिसेकंद जातात, मग यंत्र कितीही भारी असो.

पण तंबोरा आणि ठेका लावून नुसतं गायचं असेल, तर या उशिराला काही अर्थच नाही. ठेका उशिरा आला तरी सारखाच उशिरा येतो आणि आपण जे ऐकतो त्याच्याबरोबर गातो. तसं असेल तर दहा हजारांचा आठ इंची अँड्रॉइडही चालेल. भाचीला मात्र आपलं गाणं ठेक्यावर रेकॉर्ड करून बेळगावला गुरुजींना पाठवायचं होतं. तिथं आवाज आणि ठेका मागंपुढं झाले की गुरुजी लयीची चूक काढणार. म्हणून तारेच्या हेडफोनचं भोक असलेलं यंत्र हवं असं मी सांगितलं. २०२१ पासूनच्या आयपॅड मिनीत ते भोकच नाही. २०१९ च्या मिनीत आहे.

दुसरी गोष्ट खर्जाची. काळी पाचला षड्ज २३३ हर्ट्झवर, खर्ज ११७ च्या जवळपास. एवढ्या लहान पाटीतला स्पीकर तो स्वर नीट काढूच शकत नाही. तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो, कारण तंबोऱ्यात उपस्वरांची रेलचेल असते आणि २३३, ३५०, ४६६ ऐकले की मेंदू खालचा ११७ आपोआप भरून काढतो. रामन यांनी दाखवलेला तो बंडखोर गुण इथं उपयोगी पडतो. पुरुषाची काळी एक असेल तर खर्ज ६९ वर जातो आणि मग मात्र वेगळा स्पीकर घ्यावा. वीस हजारांचा टॅबलेट आणि फुकटचा स्पीकर यापेक्षा उलटं बरं.

तिसरी गोष्ट मी स्वतः भोगलेली. काही वर्षांपूर्वी एका घरगुती बैठकीत माझ्या टॅबलेटवर तंबोरा लावला होता. विलंबित रंगात आलं आणि पडद्यावर कुठल्याशा कर्जाच्या जाहिरातीचा फोन आला, तंबोरा गप्प. गायकानं डोळे उघडले नाहीत, पण मला अजून लाज वाटते. तेव्हा सिमकार्ड नसलेलं यंत्र घ्या, आणि गाताना विमानातला मोड लावा.

भाचीनं एस. पी. रोडवरून २०१९ चं जुनं मिनी घेतलं. बॅटरी किती उरलीय ते दुकानात तपासून, शिवाय तारेचा साधा हेडफोन. उरलेल्या पैशांतून छोटा स्पीकर. ट्यूनर मी तिच्यासमोरच फोनवरून काढून टाकला. त्याऐवजी तिला एक काम दिलं: अ‍ॅपमध्ये दोन तंबोरे लावायचे, दुसऱ्याचा स्वर डोळे मिटून थोडा बिघडवायचा आणि आकडा न बघता कानानं परत मिळवायचा. मग डोळे उघडून बघायचं. पहिल्या आठवड्यात ती सात-आठ शतांशांनी चुकत होती. "मामा, हे सुईपेक्षा अवघड आहे," म्हणाली.

दिवाळीत ती बेळगावला गेली. ताईनं मला फोनवर रेकॉर्डिंग पाठवलं. तिनं तंबोरा गवसणीतून काढला, दोन तारा नव्या चढवल्या आणि अ‍ॅप न लावता जुळवला. पंचवीस मिनिटं लागली, त्यातली बरीचशी रेकॉर्डिंगमध्ये आहेत, खुंट्यांच्या करकरीसकट. मग यमन. गांधार जिथं असायला हवा तिथंच होता. पंचमाची तार मात्र किंचित उतरलेली होती. ताईला मी ते सांगितलं नाही, भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे. मणी अडकला होता. उद्या काढते."